रेडिओची टेस्ट उपकरणं परवडेल अशा खर्चात दुरुस्त कशी करून घ्यायची

माझ्या पहिल्या स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या (कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या) इनपुटमध्ये मी थेट ५ वॅटचा हँडहेल्ड, म्हणजे हातातला रेडिओ, सोडला होता. मधला ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावायचा राहिला आणि बोट पीटीटीवर, म्हणजे बोलण्याच्या बटणावर, पडलं. इनपुटशेजारी ठळक छापलेलं होतं: कमाल +३० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली शक्ती), म्हणजे १ वॅट. ५ वॅट म्हणजे +३७ डीबीएम. पडद्यावरचा सिग्नल खाली गेला तो परत वर आलाच नाही. घाबरून मी उपकरण तसंच उचललं आणि एका दुरुस्ती केंद्राला पाठवलं. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती: ‘सिग्नल नीट दिसत नाही.’

खर्चाचा अंदाज आला तो त्या उपकरणाच्या जुन्या बाजारातल्या किमतीपेक्षा जास्त. कागद नीट वाचल्यावर लक्षात आलं की सुट्या भागांची रक्कम त्यात किरकोळ होती. बाकी सगळे तास होते: उघडण्याचे, बिघाड शोधण्याचे, आणि शेवटी पूर्ण कॅलिब्रेशनचे (मोजणी प्रमाणाशी जुळवण्याचे), ज्याची मला गरजच नव्हती. तेव्हापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली आहे. दुरुस्तीत पैसा भागाला कमी आणि शोधाला जास्त लागतो. तो शोध घरी जितका पुढे न्याल तितकं बिल खाली येतं. पुढचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे.

पायरी १: दुरुस्त करायचंच का, हे आधी ठरवा

तेच मॉडेल चालू स्थितीत जुन्या बाजारात कितीला मिळतं ते पाहा आणि दुरुस्तीवर त्याच्या निम्म्यापर्यंतच खर्च करायचा, अशी रेघ ओढून घ्या. निम्म्याचा आकडा माझा आहे, तुमचा वेगळा असू शकेल. पण रेघ आधी ओढलेली हवी, नाहीतर ‘एवढा खर्च झालाच आहे, आता थोडा अजून’ असं करत माणूस वाहवत जातो.

काही वस्तूंवर दुरुस्तीचा विचार करण्यात अर्थ नसतो. पॉवर मीटरचा थर्मोकपल सेन्सर जळाला की आतला घटकच बदलावा लागतो, आणि तेव्हा दुसरा जुना सेन्सर घेणं बहुधा स्वस्त पडतं. एचपी (हेवलेट-पॅकार्ड) ८४८१ए सारखा सेन्सर −३० ते +२० डीबीएम मोजण्यासाठी आहे आणि सरासरी ३०० मिलिवॅटच्या वर तो टिकत नाही. हँडहेल्डची एक चूक त्याला पुरते. उलट जुना सिग्नल जनरेटर, सर्व्हिस मॉनिटर, ऑसिलोस्कोप, थ्रूलाइन वॅटमीटर यांत बहुतेक भाग सुटे आणि सोल्डर करता येण्याजोगे असतात. तिथे दुरुस्तीला वाव आहे.

आणखी एक वाट लक्षात असू द्या: त्याच मॉडेलचं दुसरं मेलेलं उपकरण. दोन मेलेल्यांतून एक चालू उभं राहतं, शिवाय बोर्ड अदलाबदल करून बिघाड कुठे आहे तेही कळतं. एकच पथ्य पाळा. ज्या बोर्डामुळे दुसरं काही जळू शकतं, म्हणजे मुख्यतः पॉवर सप्लाय, तो न तपासता इकडचा तिकडे लावू नका.

पायरी २: झाकण उघडण्याआधी लक्षणं लिहून काढा

वही घ्या आणि उपकरण काय करतं, काय करत नाही ते आकड्यांत लिहा. ‘चालत नाही’ हे लक्षण नव्हे. पंखा फिरतो का, पडदा उजळतो का, सुरू होताना एरर कोड येतो का, बिघाड थंड असताना दिसतो की अर्ध्या तासाने, सगळ्या बँडवर आहे की एकाच. एरर आला तर पडद्याचा फोटो काढा.

स्पेक्ट्रम ॲनालायझर असेल तर त्याचं स्वतःचं कॅलिब्रेटर आउटपुट हे तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं साधन. एचपी ८५९० मालिकेत ते ३०० मेगाहर्ट्झला −२० डीबीएम देतं. छोट्या केबलने ते इनपुटला जोडा आणि इनपुट ॲटेन्युएशन १०, २०, ३० डीबी असं बदलत पडद्यावरची पातळी लिहीत जा. एकाच पायरीला आकडा घसरला तर ॲटेन्युएटरमधला तो पॅड किंवा त्याचा संपर्क गेलेला आहे. सगळ्या पायऱ्यांवर सारखाच आकडा, पण २५-३० डीबी खाली, असं असेल तर ॲटेन्युएटर ठीक आहे आणि दोष त्याच्या पुढे, बहुधा पहिल्या मिक्सरमध्ये (येणाऱ्या सिग्नलची फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या भागात) आहे. पाच मिनिटांचं काम, पण दुरुस्ती करणाऱ्याचे यात तास वाचतात.

सिग्नल जनरेटरच्या आउटपुटमध्ये चुकून ट्रान्समीटर गेला असेल तर आधी मॅन्युअलमध्ये उलट्या पॉवरपासूनचं संरक्षण शोधा. काहींत रिले असतो, काही जुन्या उपकरणांत कनेक्टरपाशीच बारीक फ्यूज असतो. जनरेटर मेला म्हणून मोडीत निघालेला असतो आणि आत फक्त तो फ्यूज उडालेला असतो, असंही घडतं.

मोजण्यासाठी महागडं दुसरं उपकरण हवंच असं नाही. नॅनोव्हीएनए, टायनीएसए किंवा आरटीएल-एसडीआर या छोट्या, स्वस्त साधनांवर ‘सिग्नल येतो की नाही, आणि साधारण किती’ एवढं समजतं. बिघाडाची जागा अरुंद करायला तेवढं पुरतं.

पायरी ३: मॅन्युअल मिळवा, आणि बरोबर तेच मिळवा

युझर मॅन्युअल नव्हे, सर्व्हिस मॅन्युअल. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच उपकरणांच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, प्रत्येक टेस्ट पॉइंटचं व्होल्टेज आणि बिघाड शोधण्याचा तक्ताही सापडतो. नंतरच्या काळात ‘बोर्ड बदला’ एवढंच लिहिण्याची पद्धत वाढत गेली. म्हणून हौशी माणसाने उपकरण विकत घेतानाच पूर्ण सर्किट उपलब्ध आहे का हे पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

शोधताना कंपन्यांची बदललेली नावं माहीत हवीत. हेवलेट-पॅकार्डचा मोजणी उपकरणांचा धंदा १९९९ मध्ये ॲजिलंट झाला आणि २०१४ मध्ये कीसाइट. जुन्या एचपी उपकरणांची बरीच मॅन्युअलं कीसाइटकडेच मिळतात. मार्कोनी इन्स्ट्रुमेंट्स १९९८ मध्ये आयएफआरकडे गेली, आयएफआर २००२ मध्ये एरोफ्लेक्सकडे, एरोफ्लेक्स २०१४ मध्ये कोबमकडे, आणि तिथून हा धंदा व्हियावीकडे आला. टेक्ट्रॉनिक्ससाठी टेकविकी ही वेबसाइट मोठा साठा आहे.

एचपीच्या बाबतीत सिरियल नंबरकडे नीट बघा. समजा तो २३४७ए ने सुरू होतो. पहिल्या दोन अंकांत १९६० मिळवले की १९८३, आणि पुढचे दोन म्हणजे त्या वर्षाचा ४७ वा आठवडा. ही तारीख उपकरण बनल्याची नसून त्या रचनेत शेवटचा बदल झाल्याची आहे. मॅन्युअलच्या सुरुवातीला ते कोणत्या सिरियलना लागू आहे ते लिहिलेलं असतं, आणि जुन्या उपकरणांसाठी मागे बदलांचा विभाग असतो. तो न वाचता शोधायला बसलात तर कागदावरचा रेझिस्टर बोर्डावर सापडतच नाही.

पायरी ४: घरी करण्याजोगं काम, म्हणजे मुख्यतः पॉवर सप्लाय

इथे आधी जिवाचं बोलू. २३० व्होल्टचा मेन रेक्टिफाय झाला की कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. तो मीटरने मोजून, योग्य वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय हात घालायचा नाही. पिक्चर ट्यूबच्या ॲनोडवर हजारो व्होल्ट असतात. स्विचिंग सप्लायच्या मेनकडच्या बाजूला स्कोपची ग्राउंड क्लिप कधीही लावू नका, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर त्या बाजूची मोजणी सोडून द्या. आणि पॉवर ट्रान्झिस्टर किंवा मोठे आरएफ लोड यांच्या आतलं पांढरं सिरॅमिक बेरिलियम ऑक्साइडचं असू शकतं. अखंड असताना त्याचा त्रास नाही, पण त्याची पूड फुप्फुसात गेली तर ती विषारी असते. ते फोडू नका, घासू नका. यातलं काहीही नवं वाटत असेल तर ही पायरी वगळा आणि उपकरण जाणत्या माणसाकडे द्या. लक्षणांची वही तरीही खर्च वाचवेलच.

ज्यांना हे जमतं त्यांनी पहिलं काम एकच करावं: सगळे सप्लाय रेल, म्हणजे आतल्या भागांना जाणारे ठरावीक व्होल्टेज, मोजावेत. +५, +१२, −१२, जे काही मॅन्युअलमध्ये असतील ते, आणि प्रत्येकावरचा रिपल (डीसीवर उरलेली चढउतार) स्कोपवर. विचित्र लक्षणं देणाऱ्या जुन्या उपकरणात दोष पुष्कळदा इथेच निघतो.

मेन येतो तिथे पिवळट, पारदर्शक आवरणाचे रिफा कंपनीचे कागदी कॅपॅसिटर दिसले तर प्रकाशात तिरपे धरून बघा. आवरणावर केसासारख्या बारीक भेगा दिसतील. त्यांतून ओल आत जाते आणि एके दिवशी तो कॅपॅसिटर दाट, उग्र धूर सोडून जातो. उपकरण चालू असलं तरी तो बदला, आणि बदलताना मेनसाठी मान्यताप्राप्त एक्स२ वर्गाचाच लावा. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये असेल तर वाय वर्गाचा. साधा फिल्म कॅपॅसिटर तिथे चालत नाही.

एखादा रेल शून्यावर ओढला गेला असेल तर शॉर्ट झालेला टँटलम कॅपॅसिटर हा पहिला संशयित. रेल बंद करून बेंच सप्लायमधून १ व्होल्टच्या आसपास, करंट मर्यादित ठेवून सोडा आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवा. जिथे अल्कोहोल आधी सुकतं तिथे भाग तापतोय. थर्मल कॅमेरा नसला तरी काम भागतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतचे पत्र्याच्या डबीसारखे छोटे सरफेस माउंट इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर गळतात. टेक्ट्रॉनिक्स २४६५बी च्या प्रोसेसर बोर्डावरचे यासाठी प्रसिद्ध आहेत. पायांशी सोल्डर निस्तेज, करडं पडलेलं दिसतं आणि सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीसारखा वास येतो. हा द्रव तांब्याचे ट्रॅक खातो. त्यामुळे गळती दिसली की पुढे ढकलू नका: कॅपॅसिटर काढा, बोर्ड धुवा, नवे लावा.

मेनच्या वाटेत सिरीजमध्ये बल्ब लावून उपकरण पहिल्यांदा चालू करायची सवय चांगली आहे, फ्यूज वाचतात. स्विचिंग सप्लायला मात्र व्हेरिॲकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवत नेऊ नका. व्होल्टेज कमी असताना तो जास्त करंट ओढतो.

यांत्रिक बिघाडही बघून घ्या. एचपी ८६४०बी हा ५०० किलोहर्ट्झ ते ५१२ मेगाहर्ट्झचा फार स्वच्छ सिग्नल देणारा जनरेटर. त्याचे प्लॅस्टिकचे गिअर वयाने तडकतात आणि नॉब फिरवला तरी आत काही फिरत नाही. असं उपकरण ‘आरएफ बिघाड’ म्हणून स्वस्तात विकलं जातं. बदलीचे गिअर हौशी लोकांनी बनवलेले मिळतात, वेळ आणि संयम असला की काम होतं.

पायरी ५: बॅटरी आणि मेमरी, इथे घाई केली तर दुरुस्ती दहापट महाग

बऱ्याच उपकरणांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असतात. बॅटरी उतरली किंवा तुम्ही ती सहज म्हणून काढली की ते आकडे गेले, आणि ते परत भरायला पूर्ण कॅलिब्रेशन लागतं. हौशी माणसाला परवडत नाही ते नेमकं हेच.

बॅटरी सुटी, बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर जुनी काढण्याआधी डायोडमधून बाहेरचा ३ व्होल्टचा आधार समांतर जोडा आणि मगच अदलाबदल करा. डॅलस कंपनीच्या काळ्या जाड चिपमध्ये बॅटरी आत ओतून बंद केलेली असते. निर्मात्याने सांगितलेलं तिचं आयुष्य १० वर्षं, म्हणजे तुमच्या हातातली बहुधा उधारीवर जगते आहे. ती काढण्याआधी आतला मजकूर वाचून ठेवा. एचपी ३४५८ए सारख्या काही उपकरणांतून तो जीपीआयबीवरून (उपकरण संगणकाला जोडायच्या पोर्टवरून) वाचता येतो, नाहीतर चिप जपून काढून प्रोग्रॅमरवर वाचावी लागते. वाचलेली फाइल दोन ठिकाणी ठेवा. हे जमणार नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याला पहिल्याच वाक्यात सांगा की मेमरीचा बॅकअप घेतल्याशिवाय बॅटरीला हात लावू नये.

पायरी ६: कुठे थांबायचं

ट्रिमर फिरवू नका. काल बरोबर असलेलं उपकरण आज चुकीचं दाखवतं ते ट्रिमर आपोआप फिरला म्हणून नव्हे, कुठलातरी भाग बिघडला म्हणून. ट्रिमर फिरवून तुम्ही तो बिघाड झाकता आणि दुसरा तयार करता. दुरुस्ती करणारी माणसं ज्या उपकरणांना सरळ नकार देतात ती बहुतेक अशीच असतात. फिल्टरची पोकळी, यिग (चुंबकाने ट्यून होणारा) ऑसिलेटर, मिक्सरचं सीलबंद मॉड्यूल हेही घरी उघडायचं नाही.

पायरी ७: माणूस शोधा आणि त्याला नीट लिहा

निर्मात्याचं सर्व्हिस केंद्र सहसा जुनी मॉडेल घेत नाही, आणि घेतलं तरी दर उद्योगांसाठी ठरवलेले असतात. स्वतंत्र दुरुस्ती करणारे, निवृत्त तंत्रज्ञ, एकाच मॉडेलवर वर्षानुवर्षं काम केलेले हॅम (हौशी रेडिओवाले) यांच्याकडे जा. एकाच मॉडेलवाला सगळ्यात बरा. त्याने तोच बिघाड आधी पाहिलेला असतो, त्यामुळे शोधाचे तास जवळजवळ संपतात.

लिहिताना असं लिहा:

‘एचपी ८५९१ई, सिरियल नंबरचा फोटो सोबत. इनपुटला १४५ मेगाहर्ट्झला ५ वॅट, साधारण २ सेकंद गेलं, त्याआधी ठीक होता. आता कॅल आउटपुट जोडल्यावर −२० ऐवजी −४८ डीबीएम दिसतं, ॲटेन्युएशन १०, २०, ३० ला तेवढंच. फ्रीक्वेन्सी बरोबर आहे. सप्लाय रेल मॅन्युअलप्रमाणे मोजले, ठीक आहेत. झाकण काढलं, बाकी काही बदललं नाही, एकही ट्रिमर फिरवलेला नाही. फक्त दुरुस्ती हवी, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र नको. घाई नाही, तुमच्या सवडीने चालेल. खर्च अमुक रकमेच्या वर जाणार असेल तर आधी कळवा.’

यातलं प्रत्येक वाक्य पैसे वाचवतं. ‘प्रमाणपत्र नको’ हे तर सगळ्यात जास्त. आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाचं प्रमाणपत्र प्रयोगशाळेला लागतं, घरच्या बेंचवर ते भिंतीला लावण्यापलीकडे उपयोगाचं नाही. ‘घाई नाही’ म्हटलं की तुमचं काम दोन मोठ्या कामांच्या मधल्या वेळेत बसतं. आणि तुम्ही जे बिघडवलं असेल ते लपवू नका. तो शोधून काढणारच, फक्त त्याचे तास तुमच्या बिलात येतील.

बिघाड एका मॉड्यूलपर्यंत आणता आला असेल तर विचारा: फक्त ॲटेन्युएटर किंवा फक्त तो बोर्ड पाठवला तर चालेल का? २० किलोचं उपकरण नेण्या-आणण्याऐवजी मुठीएवढं पार्सल जातं. काही दोष मात्र पूर्ण उपकरणातच दिसतात, तिथे तो म्हणेल ते ऐका.

काम देण्याआधी लेखी स्वरूपात विचारायचं ते थोडंच: तपासणीचे पैसे वेगळे का, दुरुस्ती केली तर ते वळते होतात का, नाही जमलं तर काय, काढलेले भाग परत मिळतील का, आणि दुरुस्तीची हमी किती दिवस. ओळखीचा हॅम असला तरी फुकट मागू नका. त्याच्या वेळेचे पैसे द्या, किंवा त्याला लागणारा बोर्ड, मॅन्युअल, मेलेलं उपकरण देऊ करा.

पायरी ८: पॅकिंग

दुरुस्तीपेक्षा मोठं नुकसान मी इथे होताना पाहिलं आहे. दोन खोकी, एकात एक. उपकरण आणि आतल्या खोक्यामध्ये, तसंच दोन खोक्यांमध्ये सगळीकडून किमान ५ सेंटिमीटर घट्ट फोम. थर्माकोलचे सुटे तुकडे वापरू नका, जड उपकरण त्यांतून वाट काढत तळाला जाऊन बसतं. समोरच्या नॉबच्या बाजूला पुठ्ठ्याची अशी चौकट करा की भार कडेवर येईल, नॉबवर नाही. काट्याचा मीटर पाठवताना त्याची दोन टर्मिनलं तारेने शॉर्ट करा, काटा हेलकावे खात नाही. केबल, स्लग (वॅटमीटरमध्ये खोचायचे घटक), ॲडाप्टर लागणार नसतील तर घरी ठेवा. बंद करण्याआधी चारी बाजूंचे फोटो काढा.

पायरी ९: परत आल्यावर

लगेच, हमीच्या मुदतीत तपासा. वहीतल्या त्याच मोजण्या त्याच क्रमाने पुन्हा करा. जनरेटरची पातळी साध्या १०० मेगाहर्ट्झ स्कोपवरही पाहता येते: १० मेगाहर्ट्झला ५० ओम टर्मिनेशनवर ० डीबीएम म्हणजे ६३२ मिलिव्होल्ट पीक टू पीक. स्कोप ३ टक्के चुकला तरी फरक पाव डीबीचाच. फ्रीक्वेन्सीसाठी जीपीएसशी जुळवलेला १० मेगाहर्ट्झचा संदर्भ कुणाकडून उसना मिळाला तर उत्तम. उपकरण किमान दोन-तीन तास चालू ठेवा, कारण उष्णतेचे दोष पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाहीत. निकाल दुरुस्ती करणाऱ्यालाही कळवा, त्याच्या नोंदीत भर पडते.

माझा ॲनालायझर शेवटी दुसऱ्या एका माणसाने नीट केला. मिक्सरच गेला होता, आणि वर दिलं आहे तसं पत्र वाचून त्याने तो पार्सल पोचण्याआधीच मागवून ठेवला होता. आता त्या उपकरणाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला आहे: तारीख, बदललेला भाग, बदलण्याआधी आणि नंतरचे आकडे, मेमरीची बॅटरी कधी बदलली. इनपुटच्या एन कनेक्टरवर ३० डीबीचा १० वॅटचा ॲटेन्युएटर कायम लावलेला असतो. त्यातून ५ वॅट गेले तरी पुढे +७ डीबीएमच पोचतात. कमकुवत सिग्नल बघायचा असेल तेव्हाच तो काढतो, आणि काढण्याआधी हँडहेल्डची बॅटरी काढून बाजूला ठेवतो.